फिती बघत या

फुनाबोरी, टोकियो
रविवार दुपार

प्रिय पार्थ,

हातानं लिहिलेलं पत्र बघून तू आधी हसशील. हस. मग केबिनचं दार लावून घे आणि पुढचं वाच. आमच्या इथला स्वप्निल उद्या पुण्याला निघतोय. पाकीट त्याच्याकडे देतेय आणि ते घरी नाही, तुझ्या ऑफिसातच द्यायचं, असं त्याला दोनदा बजावलंय. फोन का केला नाहीस, असं विचारशील. आमचं घर दोन खोल्यांचं, भिंती पुठ्ठ्याच्या. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाहेरून बाबा विचारतात, कोण गं? तुझा फोन तर जन्मजात स्पीकरवर. शिवाय फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच थांबवणार, म्हणणार, ताई, तू म्हणजे अगदी भित्री भागूबाई. ती मी आहेच. झुरळाला घाबरते, लिफ्टला घाबरते, इथे आल्यापासून भूकंपाला घाबरते. पण ही भीती त्यातली नाही रे.

आधी बरं आहे ते सांगते. बाबा इथे छान रमलेत. सकाळी नदीकाठी फिरून येतात, येताना कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, दूध आणतात. तिथल्या मुलीला मराठीत विचारतात, कशी आहेस बाळ, ती जपानीत काहीतरी उत्तर देते आणि दोघंही खूश. सत्यजितची ओसाकाची बदली काही संपत नाही. तो महिन्यातून दोनदा येतो, तेव्हा सासरे-जावई मिळून पिठलं करतात आणि भांडी मला ठेवतात. नुपूर आजोबांशी निम्मं जपानीतच बोलते, बाबा सगळं कळल्यासारखी मान डोलावतात. आई गेल्यानंतर त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. कधी दुधाऐवजी दही आणतात, कधी स्टेशनच्या भलत्याच दारातून बाहेर पडतात आणि मग मला शोधायला जावं लागतं. पण पार्थ, इथे तर मी पहिलं वर्षभर शाम्पू म्हणून कंडिशनर लावत होते. परक्या मुलखात कोण गोंधळत नाही? मीही तेच म्हटलं. फार सोयीचं होतं ते म्हणणं.

तुला डोंगरातले फोटो पाठवले होते ना? चालणं पाच दिवसांचं होतं आणि तिसऱ्या दिवसाचा त्यात एकही फोटो नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. तुला कशाला, कुणालाच आलं नाही.

आमच्या इथल्या मंडळींचा आणि काही जपानी लोकांचा मिळून चालणाऱ्यांचा एक गट आहे. ओकादा-सान नावाचे निवृत्त मास्तर तो चालवतात. दर शरदात नागानोच्या डोंगरातल्या जुन्या वाटेनं गावोगाव मुक्काम करत जायचं. सामान पाठीवर, जेवणखाण ज्याच्या घरी उतरू त्याच्याकडे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झेपेल का, असं ओकादा-साननी मला आडून आडून विचारलं होतं. पहिला चढ संपला तेव्हा तेच कमरेवर हात ठेवून उभे होते आणि बाबा त्यांना गुडदाणीचा तुकडा देत होते. मला तेव्हा इतका अभिमान वाटला की विचारू नकोस.

ती गावं बघायला हवीस तू. भाताची खाचरं, मुळ्याचे वाफे, दहा घरांतली सहा बंद, आणि उरलेल्या चारांत एकेक म्हातारी. पानं गळून गेलेल्या झाडांवर नुसती केशरी फळं, तेंदूसारखी, पण मुठीएवढी. त्यांना इथे काकी म्हणतात. ती पिकली की डोंगरातून अस्वलं खाली येतात. म्हणून गावकरी फळं उतरवून टाकतात आणि ज्यांना झाडावर चढवत नाही, ते झाडच तोडून टाकतात. सकाळ-संध्याकाळ गावच्या भोंग्यावरून सूचना होते, अस्वल अमुक बाजूला दिसलं, एकट्यानं जाऊ नका. आम्हा प्रत्येकाच्या सॅकला घंटी बांधलेली होती, माणसं येताहेत हे अस्वलाला कळावं म्हणून. वीणा म्हणाली, आपण म्हणजे बैलपोळ्याची मिरवणूक. माझी मैत्रीण वीणा तुला आठवत असेल, इथे शेजारच्या इमारतीत राहते. पहिले दोन दिवस आम्ही असेच हसत होतो.

त्या रानात वाट दाखवायला झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या असतात. त्या बघितल्या आणि बाबा खुलले. शाळेच्या मुलांना घेऊन ते इतकी वर्षं सह्याद्रीत जातात, त्या ट्रेकची पद्धत त्यांनी सगळ्यांना सांगितली, मी भाषांतर करत होते. पुढचा माणूस झुडपांना फिती बांधत जाणार, सगळ्यात शेवटचा, म्हणजे शेपूट, त्या सोडवत येणार. डोंगर जसा घेतला तसा परत करायचा. आणि शेपटानं कधीही कुणाच्या पुढे जायचं नाही. तू आणि मी शेपटाबरोबर असायचो, फिती गोळा करायला, आठवतं? तुझ्या खिशात नेहमी जास्त निघायच्या, कारण तू माझ्यातल्या चोरायचास. ओकादा-सान ऐकून हसले आणि म्हणाले, इथे मात्र फिती कायमच्या, मागून येणारे त्यांच्याच भरवशावर येतात, हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे, देश तसा वेश. दोन दिवस ते मजेत सगळ्यांच्या मागे शेपूट म्हणून चालले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीणाच्या टाचेला फोड आला होता, बूट घालवेना. गावात एक दवाखाना होता, पण तो उशिरा उघडणार होता. मग असं ठरलं, की बाकीच्यांनी पुढे जावं, मी आणि नुपूर वीणाबरोबर थांबावं आणि पट्टी बांधून झाली की मागून यावं. वाट सोपी होती. मध्ये देवदारांचं लावलेलं जंगल लागतं, तिथे लाकूडतोड्यांच्या बऱ्याच वाटा फुटतात, तेवढ्या टप्प्यात गुलाबी फिती सोडायच्या नाहीत, असं ओकादा-साननी मला समजावून सांगितलं. बाबा शेजारी उभे होते. नुपूरची सॅक घट्ट करत ते म्हणाले, सावकाश या, घाई नको, फिती बघत या. हे त्यांचे शब्द आहेत, पार्थ. मी ते रोज आठवते.

जंगलात शिरल्यावर पहिल्या काही झाडांवर फिती होत्या. मग नव्हत्या. पुढच्या वळणावर असेल, त्या वळणावर असेल, असं करत आम्ही रुंद वाट धरली. ती एका कापलेल्या ओंडक्यांच्या ढिगाशी जाऊन संपली. मागे फिरलो तर आलेली वाट कुठली तेच कळेना. ते लावलेलं जंगल आहे, सगळी झाडं एका उंचीची, ओळीनं. कुठूनही बघा, सारखंच. फोनला रेंज नाही. खाली मऊ काटक्यांचा थर, पावलाचा आवाजसुद्धा येत नाही, फक्त आमच्या तीन घंट्या. मला आधी राग आला, मग तहान लागली, आणि मग बघितलं तर एका झाडाची साल छातीच्या उंचीपासून खालपर्यंत सोललेली, आतलं लाकूड ओलं आणि चकचकीत. नुपूरनं बोट लावलं आणि चिकट लागतंय म्हणाली. शाळेत त्यांना शिकवतात ना, तिनं अगदी हळू सांगितलं, कुमा. अस्वल. वाटेच्या कडेला विष्ठा होती आणि तिच्यात काकीच्या बिया.

आवाज करत राहायचं, एवढंच ठाऊक होतं. वीणाला काही सुचेना, तिनं मोठमोठ्यानं पाढे म्हणायला सुरुवात केली. मी तिच्या मागून. एकोणतीसच्या पाढ्यात ती अडली आणि तेवढ्यात खालच्या बांबूच्या झुडपांत काहीतरी वजनदार हललं. फांदी मोडल्याचा आवाज झाला. ओल्या घोंगडीसारखा वास आला. मी काही पाहिलं नाही. वीणा म्हणते तिला काळी पाठ दिसली. आम्ही दोघींनी नुपूरला मध्ये घेतलं आणि पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी देवाचं नावही घेतलं नाही. मी बाबा, बाबा म्हणत होते, चाळीस वर्षांची बाई. ते झुडपं चिरडत लांब गेलं, तेव्हा वीणा रडायला लागली आणि रडतच पुढचा पाढा म्हणायला लागली.

उजेड कमी होत होता. त्या झाडांखाली तर आधीच संध्याकाळ असते. नुपूरनं मला जपानीत विचारलं, आजोबा शेवटी असतात ना, मग आपण त्यांच्या मागे कशा राहिलो? मी म्हटलं, अगं, ते यायला निघालेच असतील. माझी खात्रीच होती. बाबा माणूस मागे ठेवून पुढे जात नाहीत, हे तुला मला ठाऊक आहे.

वाचवलं ते भोंग्यानं. इथे गावोगावी संध्याकाळी भोंग्यावर एक धून वाजवतात, मुलांनी घरी जावं म्हणून. शहरात मला तिचा वैताग यायचा. त्या दिवशी ती दरीतून वर आली आणि गाव कुठल्या अंगाला आहे ते कळलं. धून संपायच्या आत नुपूरनं हात लांब करून दिशा धरून ठेवली आणि आम्ही तिच्या बोटाच्या रोखानं उतरत गेलो, बसत, घसरत, वीणा एका पायात बूट आणि एका पायात मोजा. खाली ओढा लागला, मग डांबरी रस्ता, आणि रस्त्यावर छोटे पांढरे टेम्पो घेऊन आम्हाला शोधायला निघालेले गावातले म्हातारे. एका आजीनं नुपूरला आपल्या अंगावरचं जाकीट घातलं आणि तिची पाठ थोपटत राहिली.

बाबा गावच्या सभागृहाच्या पायरीवर बसले होते. आम्हाला बघून उठले, नुपूरच्या डोक्यावर हात ठेवला, पाण्याची बाटली पुढे केली. दमलात का, म्हणाले. बस्स. सगळे रडत होते, ओकादा-सान कमरेत वाकून माफी मागत होते, वर मान करत नव्हते, आणि बाबा शांत. आमच्या गटातले लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. मला मात्र आत कुठेतरी लागलं. वाटलं, एकदा जवळ तरी घ्यायचं. मग स्वतःलाच समजावलं, की बाबांना असं सगळ्यांसमोर जमत नाही.

जेवताना विषय निघाला. तेवढ्या टप्प्यातल्या सगळ्या फिती कुणीतरी काढल्या होत्या. ओकादा-सान म्हणाले, आम्ही गेलो तेव्हा होत्या, मी स्वतः पाहिल्या. बाबांना मी ते सांगितलं तर असे संतापले, की ताटावरून उठले. म्हणाले, हा काय चावटपणा आहे? लहान पोर होतं त्यांच्यात. ज्यानं हे केलं, त्याच्या हाती पुन्हा कधी माणसं देऊ नयेत. मी भाषांतर केलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता तुला कळलं असेल. मला कळायला घर यावं लागलं. कपडे धुवायला टाकताना त्यांच्या विंडचीटरचे खिसे तपासले. आतल्या खिशात गुलाबी फिती होत्या. एकही कापलेली नाही, प्रत्येक गाठ नखानं सोडवलेली, प्रत्येक फीत सपाट करून दुमडलेली आणि गठ्ठ्याला रबर लावलेलं. असा गठ्ठा जगात एकच माणूस बांधतो. मी मशीनला टेकून खाली बसले. त्या जंगलात मी घाबरले असं मला वाटत होतं. ते काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी गठ्ठा टेबलावर ठेवला. म्हटलं, बाबा, हे बघा. मला वाटलं ते दचकतील. त्यांनी एक फीत ओढून बघितली आणि म्हणाले, छान आहेत गं, कुठून आणल्यास? जानेवारीत रतनगडावर मुलांच्या ट्रेकला होतील. आणि परत माझी खव्याची करंजी खायला लागले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ते खोटं बोलत असते, तर मी देवापुढे साखर ठेवली असती.

ओकादा-सानना मी फोन करून खरं सांगितलं. ते स्वतःला दोष देऊन गट बंद करायला निघाले होते, मला गप्प राहवलं नाही. ते म्हणाले, त्या दिवशी आम्ही पोचल्यावर तुमचे वडील, भानुदास-सान, मला पुन्हा पुन्हा विचारत होते, आपण कुणाची वाट बघतोय? मला वाटलं, माझं इंग्रजी वाईट आहे म्हणून त्यांना समजत नाहीये. प्रत्येक वेळी मी तुमची नावं सांगत होतो. फिती ते पुन्हा बांधून येणार आहेत, आणि नुपूरला यातलं काही कळू देऊ नका, एवढंच त्यांनी मागितलं.

मी मागचं सगळं उकरत बसलेय. आई असताना कधी विसरले का ते? तीच म्हणायची ना, अहो, चष्मा डोक्यावर आहे, अहो, आज सोमवार आहे, तुमचा बँकेचा दिवस. आपण हसायचो, आई सारखी टोकते म्हणून. ती टोकत नव्हती रे, सांभाळत होती. बहुतेक तिनंच सगळं झाकून ठेवलं आणि जाताना कुणाला सांगितलं नाही. तू रविवारी सहकारनगरला बाबांकडे जातोस, तासभर बसतोस, ते तुला गडांच्या गोष्टी सांगतात. त्या गोष्टींत ते एक अक्षर चुकत नाहीत. मग तुला तरी कसं कळणार? तुला दोष देत नाहीये. माझ्या घरात दोन महिने राहिले आणि मी दह्याच्या पिशव्या मोजून हसत होते.

आणि हे पत्र आजच का, तर मी गप्पच राहणार होते. वाटत होतं, ते घरी पोचतील, डिसेंबरअखेर मी सुट्टीत येईन, तेव्हा तुझ्याशी समोरासमोर बोलेन. आज सकाळी त्यांच्याबरोबर नदीकाठी गेले होते. बाकावर बसलो, ऊन छान होतं. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, अगं केतकी, त्या दिवशी जंगलात ती माणसं चुकली होती ना, ती सापडली का गं पुढे? ते म्हणाले, एक बाई होती त्यांच्यात, बरोबर तिची लहान मुलगी. तिचा बाप असेल कुठेतरी, त्याच्या जिवाचं काय झालं असेल. मी म्हटलं, सापडली हो बाबा, सुखरूप आहेत. बरं झालं, म्हणाले, माझ्या मनाला फार लागून राहिलं होतं. आणि माझा हात हातात घेऊन बसले. पार्थ, डिसेंबरअखेरपर्यंत थांबता येणार नाही. जानेवारीत शाळेची मुलं त्यांच्यामागून रतनगड चढणार आहेत, तुझी राधिका त्यांच्यात आहे, आणि त्यांच्याकडून तो ट्रेक काढून घ्यायचा आहे. ते मला त्यांच्या तोंडावर सांगता आलं नाही. तू सांग. शाळेला आधी सांग, मग त्यांना, आणि त्यांना सांगताना राधिकाला तिथे ठेवू नकोस. डॉक्टरांची वेळ घे. सहकारनगरच्या घरी त्यांना एकटं ठेवू नकोस, कुरकुर करतील, करू दे. येत्या शनिवारी ते निघतायत, वीणा त्याच विमानात शेजारच्या जागेवर आहे, तिला सगळं ठाऊक आहे. मुंबईला तू स्वतः जा, ड्रायव्हरला पाठवू नकोस. आणि लांबून हात हलवत उभा राहू नकोस. जवळ जा, वाकून नमस्कार कर, आणि लाजू नकोस रे, आधी तुझं नाव सांग.

तुझीच,
घाबरलेली ताई